खिडकीजवळची फरशी

३१ जानेवारी २०२६, शनिवार

आज बैठकीच्या खोलीतलं कार्पेट उचकटलं. खाली नऊ वर्षांचा ऐवज निघाला: माझ्या लेकीचे, श्रियाचे मणी, मोहरी, आणि माझं एक कानातलं, जे हरवलं म्हणून मी नवऱ्याशी, प्रज्ञेशशी दोन दिवस बोलले नव्हते. त्याच्याखाली काँक्रीट. त्यावर सिरॅमिकच्या फरश्या बसवायच्या आहेत आणि त्या मीच बसवणार आहे. टाइल्सच्या दुकानातला डॅरन म्हणाला, रोज काय केलं ते तारीख घालून लिहून ठेव, बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडतं. मी पोटासाठी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे हे लगेच पटलं. म्हणून ही वही.

काम कशासाठी, तेही नोंदवते. २९ मार्चला आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई कमलाबाईंना, जाऊन वर्ष होतंय. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या वर्षाच्या कार्यक्रमाला, भंतेजी येणार, आमच्या वेरिबीतली आणि आसपासची तीस-पस्तीस माणसं येणार, सगळी खाली बसणार. आणि दुसरं कारण दादा. दादा म्हणजे माझे सासरे, काशीनाथ, वय चौऱ्याहत्तर. भुसावळला रेल्वेच्या बांधकामावर मिस्त्री म्हणून लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. आई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे परदेशात आणलं, तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहेत. कार्पेटला गोधडी म्हणतात. "तुमच्या घरात जमीन कुठंय?" असं आल्याआल्या विचारलं होतं.

प्रज्ञेश कालगुर्लीच्या खाणीत इंजिनीअर आहे, एरवी दोन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे, पण सध्या जादा कामामुळे मार्चअखेरपर्यंत त्याचं घरी येणं नाही. श्रिया तेरा वर्षांची, म्हणजे घरात असून नसल्यासारखी. तेव्हा कामाला माणूस एकच. कार्पेटची गुंडाळी ओढताना दादा उठले होते. म्हटलं, दादा, तुम्ही बसा, कंबर धरेल. बसले.

२ फेब्रुवारी, सोमवार

कडेच्या खिळेवाल्या पट्ट्या काढल्या. यूट्यूबवरचा माणूस छिन्नी आडवी धरतो. तास गेला, तीन पट्ट्या निघाल्या. खुर्चीतून दादा म्हणाले, "उभी धर." उभी धरली. उरलेल्या सगळ्या अर्ध्या तासात निघाल्या. दादांना चहा करून दिला.

८ फेब्रुवारी, रविवार

लांब पट्टी ठेवून जमीन तपासली. खिडकीजवळ सात मिलिमीटरचा खळगा आहे. दादा म्हणाले, आमच्याकडे खाली दोन इंच वाळू-सिमेंटचा माल असायचा, खळगा-टेंगूळ सगळं त्यात खपून जायचं. इथे फरशीखाली चिकटवायचा मसाला पातळ असतो, त्यामुळे काँक्रीटच सपाट लागतं. डॅरनने लेव्हलिंग कंपाउंड दिलंय. कालवून ओतायचं, ते आपणहून पसरतं.

दुपारी दादांनी किचनच्या जुन्या फरश्या तपासल्या. त्यांच्या पाकिटात एक रुपयाचं जुनं, जाड नाणं असतं. ते फरशीवर ठोकायचं. टण वाजली तर भरीव, ढब वाजली तर खाली पोकळ. आमच्या किचनमध्ये अकरा पोकळ निघाल्या. बिल्डरचा उद्धार झाला. श्रियाने दोन डॉलरच्या नाण्याने ठोकून पाहिलं, तर म्हणाले, "त्याला आवाज नाही, बाळा." श्रिया तासभर त्यांच्यामागे किचनभर रांगत होती. मी म्हटलं, दादा, तुम्ही बसा, गुडघे दुखतील.

जेवताना म्हणाले, "कमलचं वर्ष झालं की मी जातो. सहा एप्रिलच्या आसपासचं तिकीट बघ." व्हिसा पाच वर्षांचा आहे, घाई कशाचीच नाही. भुसावळला दोन खोल्यांत एकटे राहणार. आई गेल्यावर तिथेच मोरीत पडले होते, शेजाऱ्यांना दुपारी कळलं. हे सगळं मनात आलं आणि मी काय विचारलं, तर "विंडो सीट बघू का?"

मला ते जायला नको आहेत. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलता आलं नाही. आमच्यात तशी बोलायची सवय नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल कंपाउंड ओतलं. छान पसरलं, धिरड्यासारखं. आज कडक झालंय. दादांनी वाकून हात फिरवला. "पाणी कधी मारायचं?"

"याला नाही मारायचं, दादा. हे वेगळं असतं. आपोआप सुकतं."

"सिमेंट आणि पाण्याशिवाय?"

"हो. तुम्ही बसा."

"बरं," म्हणाले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ओल तपासायची रीत: प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवायचा, चोवीस तासांनी बघायचं. खाली थेंब जमले तर जमीन ओली. काल लावला, आज काढला. थेंब. नुसते थेंब नाहीत, पार घाम. टेपही सुटत आली होती. मंगळवार ते गुरुवार मी शहरात ऑफिसला असते, त्यामुळे उजेडात नीट बघता येत नाही. शनिवारी परत बघेन.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल लावलेल्या प्लॅस्टिकखाली जवळजवळ कोरडं. मग गुरुवारी काय झालं होतं?

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा घाम. एक्सेल शीट केली. शुक्रवार ते सोमवार जमीन सुकत जाते, मंगळवारपासून ओली होते. इतका स्वच्छ पॅटर्न मला नोकरीतही मिळत नाही. म्हणजे पाणी बाहेरून येतंय आणि ठरावीक वारी येतंय. भिंतीपलीकडे ट्रेव्हरची बाग आहे. त्याचे फवारे मंगळवारी सुरू होत असणार.

विचारून आले. ट्रेव्हर फक्त रविवारी पाणी घालतो. "सॉरी, मेट," म्हणाला आणि टोमॅटो दिले.

श्रिया टोमॅटो खात म्हणाली, "मॉम, जस्ट आस्क आजोबा." मी म्हटलं, त्यांना कशाला डोक्याला ताप.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लंबर येऊन गेला. सगळ्या पाइपांना प्रेशर लावून पाहिलं, गळती कुठेच नाही. किल्लीने कंपाउंड खरवडलं, तर पिठासारखं भुरभुरलं. "कोणी इथे अंघोळ करतं का?" असं इंग्रजीत विचारून स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. एक महिना उरलाय आणि घराखाली कुठून तरी झरा फुटलाय.

मागच्या दोरीवर दादांनी तांदळाच्या रिकाम्या पिशव्या वाळत घातल्या होत्या. बासमतीच्या, तागाच्या, सात. बरं आहे, काही तरी करत असतात.

४ मार्च, बुधवार

सकाळी सिग्नल बिघडला, ट्रेन बंद. स्टेशनवर अर्धा तास उभी राहून साडेदहाला घरी परत आले.

बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ सातही पिशव्या ओल्या करून, कडेला कड लावून अंथरलेल्या. दादा लेंगा गुडघ्यावर गुंडाळून उकिडवे बसलेले, शेजारी बादली, हातात बाथरूममधला निळा मग. हलकेच पाणी शिंपडत होते. शेजारी मॉप तयार. म्हणजे मी यायच्या आत पिशव्या उचलायच्या, पुसायचं, पंखा लावायचा. तीन आठवडे हेच चाललं होतं. मी झरा शोधत होते.

जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी नाही म्हटलं होतं ना? सगळं काम वाया घालवलंत. काही न करता नुसतं बसता येत नाही का तुम्हाला?"

दादा उठले. उठायला वेळ लागला, भिंतीला धरून उठले. "पाणी मारलं नाही तर भेगा पडतात," एवढंच म्हणाले. पिशव्या पिळून बाहेर नेल्या. मग खोलीत गेले. जेवायला आले नाहीत.

५ मार्च, गुरुवार

कालगुर्लीहून प्रज्ञेशचा फोन. दादांनी त्याला सांगितलंय, तिकीट अलीकडचं कर, पंधरा मार्चचं. वर्षश्राद्धासारखं जे काय करायचं ते भुसावळच्या विहारात करतो म्हणाले.

"चित्रा, झालं काय?"

सांगितलं. एक्सेल शीटसकट सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

मग म्हणाला, "आमच्या भुसावळच्या घराचा स्लॅब ओतला तेव्हा मी पोटात होतो. दादांची ड्युटी मनमाडला. आईने एकवीस दिवस त्या स्लॅबवर गोणपाटं भिजवली. खालच्या नळावरून कळशीने पाणी न्यायची, सातवा महिना. दादा अजून सांगतात, घर मी बांधलं, पण टिकवलं कमलच्या पाण्याने."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

श्रियाला विचारलं, तुला माहीत होतं? "ऑफ कोर्स. आय टोल्ड यू टू आस्क हिम." मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "बिकॉज यूड मेक हिम सिट डाउन अगेन. यू ऑलवेज मेक हिम सिट, मॉम."

ही वही चाळली. 'तुम्ही बसा' तीनदा लिहिलंय. न लिहिलेले किती, देव जाणे, आणि देव तर आम्ही मानत नाही. मला वाटायचं मी त्यांची काळजी घेतेय. दहा महिने मी त्या माणसाला रोज सांगत होते की तुमचं इथे काही काम नाही.

७ मार्च, शनिवार

सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बॅग पलंगावर उघडी, आईंचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला. माफी मागायचं पाठ करून गेले होते. तोंडातून निघालं, "दादा, मला फरश्यांची लाइनदोरी लावता येत नाही."

"यूट्यूबवर नाही का?"

"आहे. मला जमत नाही."

"आधी ते भुसभुशीत सगळं काढावं लागेल," म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. मग मी म्हटलं, "बुधवारी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं." त्यांनी मान हलवली. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता, तो मी काढून हातात दिला.

९ मार्च, सोमवार

लाँग वीकेंड. तीन दिवस आम्ही तिघं खरवडतोय. दादा पाटावर बसून छिन्नी चालवतात. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आज त्यांनी कंपाउंडची रिकामी पिशवी मागवली आणि श्रियाकडून त्यावरचं बारीक अक्षर वाचून घेतलं. ती इंग्रजीत वाचते, मोडक्या मराठीत सांगते, ते ऐकतात. शेवटी म्हणाले, "हा सिमेंटचा माल नाहीच. मी समजलो नाव नवीन, माल तोच. चूक माझी." एकदाच म्हणाले, उगाळलं नाही.

प्रज्ञेशने कळवलं, पंधराचं रद्द केलंय. पण सहा एप्रिलचं तिकीट काढून झालंय. ते आहेच.

१५ मार्च, रविवार

शुक्रवारी दुसऱ्यांदा कंपाउंड ओतलं. आता दादा पहाऱ्यावर. ट्रेव्हर दुधीची रोपं द्यायला आला, तर त्याचे ओले बूट बाहेर काढायला लावले. माझ्या हातात पाण्याची बाटली दिसली तरी बघतात. प्लॅस्टिकखाली एक थेंब नाही.

२१ मार्च, शनिवार

आज पहिल्या चाळीस फरश्या बसल्या. आधी काल कोरड्याच मांडून पाहिल्या. माझ्या आखणीत दाराशी दोन बोटांची चिंधी उरत होती. दादा म्हणाले, "माणूस दारातून आत येतो, तिथे चिंधी दाखवतेस?" सगळी मांडणी सरकवून अख्खी फरशी दाराशी आणली, कापलेली सोफ्याखाली गेली. कोन मापायचा गुण्या नव्हता, तर दोरीला तीन, चार, पाच हातांवर गाठी मारून त्यांनी काटकोन काढला. श्रिया एकदम ओरडली, "दॅट्स पायथॅगोरस!" दादा म्हणाले, "असेल. मला अण्णा मिस्त्रीने शिकवलं."

मी दातेरी थापीने मसाला ओढते, दादा फरशी टेकवतात आणि रबरी हातोडीने बसवतात. फरश्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून प्लॅस्टिकचे छोटे क्रॉस असतात. ते बघून म्हणाले, "ही काय लहान मुलांची खेळणी?" दुसऱ्या ओळीपासून गुपचूप वापरायला लागले.

दुपारी चहाला टेकलो तेव्हा स्वतःहून म्हणाले, "कमल असती तर म्हणाली असती, खिडकीपासून सुरुवात का नाही केली. तिला उलटंच सुचायचं." दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आईंची तक्रार केली. मला फार बरं वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

सांधे भरून झाले. फिकट राखाडी रंगाची जमीन, उन्हात नुसती बघत बसावी. ऑफिसमधून सुट्टी घेतली होती. दादा अनवाणी फिरले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळ्या फरश्या नाण्याने ठोकल्या. सगळ्या टण. मीही त्यांच्यामागे ऐकत होते, माझाही कान आता बसलाय. "पास," म्हणाले. अकरा दिवसांनी जाणार.

२९ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, प्रज्ञेश दोन दिवसांसाठी येऊन गेला. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आईंचा फोटो, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी थोडं बोलले. सदतीस माणसं आली. खीर तीन ठिकाणी सांडली, तिन्ही वेळा मीच हसत पुसली. हॅरिस पार्कहून आलेल्या प्रज्ञेशच्या आत्याने विचारलं, फरशी कोणाकडून करून घेतली? मी म्हटलं, दादांनी केली. दादा म्हणाले, सूनबाईने केली. आत्या म्हणाली, ठरवा आधी.

बोलायचं ठरवलं होतं. सगळे गेल्यावर दादा आईंच्या फोटोसमोर बसले होते, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. "दादा, तिकडे गेल्यावर..." एवढं म्हटलं. "तिकडे गेल्यावर औषधं वेळेवर घ्या." हे म्हटलं. माझ्या जिभेला काय रोग आहे कळत नाही.

"हो, घेतो," म्हणाले.

१ एप्रिल, बुधवार

ऑफिसमधून आले तर खिडकीजवळच्या एका फरशीवर खडूची फुली. त्यांच्या खुर्चीशेजारची, दुसरी.

"ही पोकळ निघाली," दादा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते. "काढून परत बसवावी लागेल. तुला एकटीला जमायचं नाही. शेजारची उचकटेल."

नाणं खिडकीत ठेवलेलं होतं. गुडघ्यावर बसून ठोकलं. टण. कोपऱ्यावर ठोकलं. टण. मध्यभागी, जरा जोरात. टण.

श्रिया डबा खात उभी होती. "बट आजोबा, दॅट्स नॉट..."

"श्रिया," मी म्हटलं, "तू गप. पोकळच आहे."

दादांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

"किती दिवसांचं काम आहे?" मी विचारलं.

"तसं सांगता येत नाही. काढायची, खालचं साफ करायचं, सुकू द्यायचं. मागच्या वेळी नीट सुकलं नाही तर काय झालं, पाहिलंस."

"मग सहा तारखेला कसं जमणार?"

"नाहीच जमणार."

"बरं," मी म्हटलं. किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथे जरा वेळ उभी राहिले. मग कालगुर्लीला फोन लावून तिकीट रद्द करायला सांगितलं. प्रज्ञेशने कारण विचारलं. म्हटलं, एक फरशी पोकळ निघालीय.

६ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. दादा आणि श्रिया मागच्या अंगणात ट्रेव्हरच्या दुधीसाठी मांडव घालतायत, दोरीने काटकोन काढून. दादांनी विचारलं, फरशीचं कधी हाती घ्यायचं? मी म्हटलं, या महिन्यात मला वेळ नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

आज जमीन पुसली. खडूची फुली तेवढी सोडून पुसली.